इंजिनाच्या दोन्ही बाजूंची जागा

बोनेट उघडलं आणि आत जागा दिसली.

आधी जागाच दिसली, इंजिन नंतर. डावीकडे हात कोपरापर्यंत सहज जाईल एवढी, उजवीकडेही तेवढीच, आणि त्या जागेतून खाली थेट कॅम्पच्या आवारातली वाळू, शुक्रवारच्या सकाळच्या उन्हात पांढरी झालेली. वाळूवर माझ्याच चपलेचं टोक. आठ सिलिंडरचं इंजिन जिथे बसतं तिथे अशी जागा उरत नाही. चार इकडे, चार तिकडे, दोन्ही रांगा बाहेरच्या बाजूला कललेल्या, स्पॅनर घालायचा तर बोटं वाकडी करावी लागतात. इथे एकच रांग होती. सरळ, उभी, सहांची. शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी राहतात तशी. बाजूच्या केशरी पत्र्यावर क्रोमचा व्ही होता आणि क्रोमचा आठ होता. मी बोनेट एका हातानं धरून तो आठ पाहिला, मग आत पाहिलं, मग पुन्हा आठ पाहिला. शर्टाच्या खिशात आठ नवे प्लग होते, ते छातीला टोचत होते. आणि पहिल्यांदा आलं ते हसू आलं. राग मागून येईल म्हणून मी थोडा वेळ थांबलोसुद्धा.

(तो आला नाही. त्याच्या जागी भीती आली, आणि ती गाडीबद्दलची नव्हती.)

तेवढ्यात बनियनवर, दात घासत नाना आला. नाना इचलकरंजीकडचा, वेल्डर, माझ्याच खोलीतला. त्यानं ब्रश तोंडात ठेवूनच आत डोकावलं आणि ब्रश काढला.

“हे कुणाचं इंजिन रे? ही तर पिकअपची मशीन. आपल्या साइटवर पाइप ओढतात ती.”

“हं.”

“हं काय? भिकोबा, अख्ख्या कॅम्पला सांगत सुटलास, रॉकेट घेतलं, रॉकेट घेतलं. रॉकेटात खटारा निघाला की!”

“चालते तर.”

“खटारापण चालतो. अरे, कंप्रेसरचं बेअरिंग खराब झालं तर तुला भिंतीपलीकडून कळतं. आणि बायको घरात आणताना घुंगट उचलून बघितला नाहीस? तुझ्या त्या खाडीवाल्या भाईनं बरोबर टोपी घातली तुला.”

“नाना, तोंड धू जा.”

“मी धुतो. तू जाऊन विचार. आजच विचार. जेवायला जाणारच आहेस ना त्यांच्याकडे? घास तोंडात घालायच्या आधी विचार, नंतर तुझ्याच्यानं व्हायचं नाही.”

नाना गेला. मी बोनेट लावलं नाही. त्या रिकाम्या जागेत हात घातला आणि कोपरापर्यंत नेला. आतली हवा थंड होती. नानाचं बरोबर आहे, कान हा माझा धंदा आहे. इथे सौदीत, धाहरानपासून थोडं आत, गॅस प्लँटवर, मी फिरत्या मशिनींचा फिटर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. आत काय चाललंय ते हाडातून येतं. बरं बेअरिंग कुजबुजतं. बिघडायला लागलेलं आधी वाळू चावतं, मग दात खातं. अमेरिकन सुपरवायझर मीटर घेऊन येतो, आकडा वाचतो, माझ्याकडे बघतो, मी मान हलवतो. पण ही गाडी मी आठवडाभर चालवत होतो आणि एकदाही तिला स्क्रूड्रायव्हर लावला नव्हता. आवाज मोठा होता. मोठा आवाज ऐकून मी खूश होतो. उभी असताना ती फार गुळगुळीत चालते, आठची मशीन उभी असताना जरा हेलकावते, हे मला माहीत होतं आणि मी ते माहीत करून घेत नव्हतो, कारण मला आयुष्यात पहिल्यांदा माझी स्वतःची गाडी मिळाली होती आणि मी बायकोला, मंजिरीला, पाठवायच्या कॅसेटवर तिचा आवाज भरला होता. घरी पत्रांपेक्षा कॅसेटच जातात आमच्या. टेपरेकॉर्डर सायलेन्सरपाशी वाळूत ठेवून मी ओरडलो होतो, ऐक, मंजिरी, आठ सिलिंडर! गावी जाणाऱ्या माणसाबरोबर ती कॅसेट गेलीसुद्धा. आत्ता ती कुणाच्या तरी बॅगेत कपड्यांमध्ये आठ आठ म्हणत असेल. आणि गाडी घेताना बोनेट का नाही उघडलं, तर

तर ते नानाला कळणार नाही. इचलकरंजीत होड्या नसतात. दाभोळच्या खाडीच्या ह्या काठाला आमचं घर, त्या काठाला इब्राहीमभाईंचं, ज्यांच्याकडून मी ही गाडी घेतली. आमच्याकडे होडी विकत घेताना फळ्यांवर बोटाच्या पेराने वाजवून बघतात. कुजलेली फळी बद्द वाजते, चांगली टणक वाजते, हे पोरासोरांनाही माहीत. पण ज्याच्या घरी आपण जेवलो आहोत त्याच्या होडीवर वाजवत नाहीत. नुसता हात फिरवतात, बरी आहे म्हणतात, घेतात. माझ्या वडिलांनी एक होडी अशी हात फिरवून घेतली, ती पहिल्याच उधाणात पाणी प्यायला लागली, तर त्यांनी ती ओढून काढली, गुपचूप दोन फळ्या बदलल्या आणि पुन्हा त्याच घरी जेवायला गेले. मी गाडीभोवती फिरलो तेव्हा इब्राहीमभाई बोनेटपाशी उभे होते. बोनेटवर थाप मारली त्यांनी. “बग की,” म्हणाले. चावी माझ्या हातात दिली. पुन्हा थाप मारली. “बग रे, फिटर माणूस तू.” मला वाटलं, कौतुकाने दाखवताहेत. मी पत्र्यावर हात फिरवला. उन्हानं तापला होता पत्रा, तळवा भाजला. बरी आहे, म्हणालो.

खालून वाळू दिसत होती अजून. मी बोनेट लावलं आणि निघालो.

रस्त्यात मी इब्राहीमभाईंशी बोललो. म्हणजे ते गाडीत नव्हते, मी एकटाच होतो, दोन्हीकडे पाइपलाइन आणि वाळू, पण बोललो. मी म्हणालो, भाई, एक विचारायचं होतं. ते म्हणाले, विचार. मी म्हणालो, गाडीत सहाची मशीन आहे. ते म्हणाले, मला ठाऊक नाय. हे ते कसं म्हणाले ते मला नीट ऐकू आलं, स्क्रूड्रायव्हर लावल्यासारखं, आणि त्यात वाळू चावली. म्हणून मी ते खोडलं. पुन्हा सुरुवात केली. भाई, आज सकाळी प्लग बदलायला बोनेट उघडलं. ते म्हणाले, मग? नुसतं मग. ते मग इतकं वाईट होतं की मी काच खाली केली. तिसऱ्यांदा मी काहीच विचारलं नाही आणि ते आपणहून म्हणाले, बाजार आहे रे भिकू, इथं सगळेच करतात. हे सर्वांत वाईट. ह्याच्यापेक्षा पहिलं बरं होतं. मी रेडिओ लावला, अरबी बातम्या चालू होत्या, त्या बातम्यांना तरी माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

प्रश्न गाडीचा नव्हता हे मला धाहरानच्या चौकापर्यंत पुरतं कळलं होतं. सहा तर सहा. प्रश्न त्या सगळ्या शुक्रवारांचा होता. खोबरच्या मासळीबाजारात, इथे आलो त्याच वर्षी, मी एका हमूरपुढे उभा असताना माझ्या पाठीमागून कुणीतरी विचारलं होतं, “गाबोळी हाय काय रे आत?” आणि मी मासा विसरून मागे वळलो होतो. ते इब्राहीमभाई होते, आणि तेव्हापासून शुक्रवारचं जेवण त्यांच्याकडे. कॅम्पमध्ये आम्ही चारशे माणसं ताटं घेऊन रांगेत उभे राहतो, जेवण वाईट नसतं, पण ते कुणासाठीच केलेलं नसतं. ताजुन्निसाभाभी तांदळाची भाकरी करतात ती मी गेल्यावर तव्यावर टाकतात. आता जर इब्राहीमभाईंनी जाणूनबुजून मला फसवलं असेल, तर त्या भाकऱ्या काय होत्या? गिऱ्हाइकाला पाजलेला चहा? एकदा हा प्रश्न तोंडातून बाहेर पडला की उत्तर काहीही आलं तरी ते घर मला पुन्हा तसं मिळणार नव्हतं. आणि विचारला नाही तर मी तिथे बसून प्रत्येक घासाला कान लावणार होतो.

आणि तरी. हे लिहिताना जरा लाज वाटते, पण तरी गाडी चालवायला मजा येत होती. खोबरच्या रस्त्याला लागलो, समुद्राचा वास आला, हात स्टिअरिंगवर हलका पडला होता. लांब केशरी नाक पुढे पुढे जात होतं आणि त्या नाकात सहा जण रांगेत उभे राहून आपलं काम करत होते, कुणाला कमी पडू न देता, न कुरकुरता. आठांची ताकद वापरायला मी जाणार तरी कुठे होतो? माझ्या मागून एक पोरगा पांढऱ्या गाडीतून आला, त्यानं आठचा आकडा पाहिला, शर्यतीसाठी हॉर्न वाजवला, मी त्याला हात करून पुढे जाऊ दिलं. तो हिरमुसून गेला. मंजिरीनं मागच्या कॅसेटवर म्हटलं होतं, तुमचा आवाज बदललाय हो तिकडे जाऊन, सावकाश बोलायला लागलात, आधी नुसती घाई असायची. म्हणजे माझंही इंजिन कुणीतरी

(हा विचार तिथेच सोडला. सिग्नल लागला होता.)

घर दुसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं, मी येणार म्हणून. इब्राहीमभाईंच्या चपला नव्हत्या. “भाई बेकरीतनं खुबूस आणायला आणि जरा मोहियुद्दीनच्या दुकानात गेलेत, येतील आता,” आतल्या पडद्यामागून ताजुन्निसाभाभींचा आवाज आला. ते घरात नसले की त्या पडद्याच्या आत आणि मी दाराजवळ, दार उघडं. ते आले की त्या बाहेर येऊन वाढणार, चेष्टा करणार, असा आमचा नेम. पडद्याखालून सरबताचा पेला पुढे सरकला. मी तो घ्यायला वाकलो. पेला सोडून बोटं आत गेली नाहीत, तशीच थांबली.

“भिकूभाऊ, हात काळे कशानं झाले तुमचे?”

मी हात पाहिले. कोपरापर्यंत तेलाचे पट्टे होते.

“गाडीचां टोपण उघडलांत?”

मी पेला उचलला. सरबतात वाळा होता, त्याचा वास येत होता.

“उघडलांत,” त्या पडद्याआड स्वतःशीच म्हणाल्या. “मग ऐका. भाई यायच्या आत ऐका. तां काम माझा हाय. त्यांचा नाय.”

आणि त्यांनी सांगितलं. खाली जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की थांबायच्या, पाऊल गेलं की पुढे. भाई खफजी बंदरातल्या टगबोटींवर होते तेव्हा सुट्टीला तिकडून इकडे सुसाट यायचे. पुढे दुकान काढलं तरी गाडीची भूक गेली नाही. एकदा भाभींना घेऊन खफजीच्या रस्त्याला गेले आणि उंट आडवा आला. “एवढा जवळून गेला, मी त्याच्या डोळ्याचे केस बगितले. हे हसत होते. मी काय बोलले नाय. बोलून थांबणारा माणूस नाय तो.” मग भाई गावी गेले, बहिणीच्या लग्नाला, गाडी भाभींच्या भावाकडे ठेवून. शौकतचं खोबरलगतच थुकबाला गॅरेज आहे. “शौकतला म्हटलां, काढ तां इंजिन. तो म्हणतो, आपा, वेडी झालीस काय? म्हटलां, काढ. त्यानं काढलान, पिकअपचा बसवलान. सायलेन्सर आतून पोकळ केलान, म्हंजे आवाज मोठा येईल. भाईंचे कान टगबोटीत गेलेत, तुम्हाला ठाऊक हाय. त्यांना आजपर्यंत समजला नाय. म्हातारी झाली रे गाडी, एवढांच म्हणाले आणि विकायला काढली.”

“आणि ते आठचं इंजिन?”

“खमीस मुशैतला. कुणा फौजी माणसानं नेलान. तिकडं डोंगर हायत, चढू दे त्याला.”

मला हसू यायला लागलं होतं, पण पडद्यामागे हसू नव्हतं.

“भाभी, मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही टोपण उघडाल असां वाटलां! फिटर माणूस. उघडलांत असतां तर समजलां असतां, घेतली नसतीत, विषय खलास. मी खिडकीतून बगत होते. तुम्ही आपले हात फिरवताय, हात फिरवताय, जशी काय म्हैस घेताय. मी वरून दात खात होते.” आवाज खाली आला. “त्यांना सांगू नका. माझ्यावर ओरडतील त्याचा काय नाय. पण त्यांनी तुम्हाला आठ म्हणून दिली. त्यांना वाटेल, भिकूला फसवला मी. मग ते तुम्हाला तोंड दाखवायचे नायत. मी ओळखते. शुक्रवार बंद होतील.”

म्हणजे शुक्रवारांची भीती पडद्याच्या दोन्ही बाजूंना होती. मी म्हणालो, नाही सांगत. आतून सुस्कारा आला आणि मग तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज.

इब्राहीमभाई आले ते घामाघूम, काखेत खुबूस. “आलास? चल, चल, आधी खाली. ताजू, भाकऱ्या थांबव जरा, एक फेरी मारून येतो गाडीतनं.” माणसं विकलेल्या बैलाला बघायला जातात तसे ते. मला नाही म्हणता आलं नाही. मी चालवायला, ते शेजारी. समुद्राच्या बाजूच्या रस्त्याला गाडी घातली.  चपला काढून त्यांनी अनवाणी तळवे गाडीच्या तळावर टेकवले होते. बोटं पसरलेली. असे खूप वेळ बसले आणि मग, पुढे बघतच, म्हणाले,

“हात काळे दिसतायत तुझे.”

“प्लग बघत होतो.”

“हं. किती बगितलेस?”

 मी नुकतंच एक वचन दिलं होतं आणि ते माझ्या जिभेवर भाकरीच्या पिठासारखं चिकटलं होतं.

“गाडी बाजूला घे,” ते म्हणाले. घेतली. “मला ठाऊक हाय. गावाहून आलो, गाडीत बसलो, त्याच दिवशी समजला. कान गेले रे माझे, पाय नाय गेले. टगबोटीच्या इंजिनखोलीत काय कानानं ऐकतात काय? तळव्यानं ऐकतात. आठ कुठं, सहा कुठं.”

“मग शौकतला विचारलं नाहीत?”

“कशाला? शौकतची छाती हाय काय? बहिणीनं सांगितल्याबिगर तो नाकपण शिंकरत नाय.” ते हसले. मग हसू पुसलं तोंडावरून, हातानं, खरोखर. “तिनं माझ्या जिवासाठी केलां. मी बोललो असतो तर तिला वाटलां असतां, चोरी पकडली. म्हणून नाय बोललो. सावकाश चालवायला लागलो. आणि भिकू, खरां सांगू काय, बरां वाटायला लागला. आदी समुद्र दिसायचाच नाय त्या रस्त्यानं.”

“आणि मला?”

हे माझ्या तोंडून गेलंच. कॅम्पपासून इथपर्यंत ज्याच्या तीन खेपा खोडल्या होत्या, तो प्रश्न दोन शब्दांत बाहेर पडला होता. गाडी चालूच होती, पायाखाली बारीक थरथर.

“तुला उघड उघड कसा सांगू? तिची गोष्ट हाय ती, बाजारात कशी मांडू? मी बोनेटला दोनदा थापा मारल्या. चावी हातात दिली. बग म्हटलां, फिटर माणूस तू, म्हटलां. आता ह्याच्यापेक्षा काय करायचा, उघडून तुझं डोकां आत घालायचा? आणि तू मेल्या म्हणतोस बरी आहे!”

“तुमच्या घरी जेवतो मी, भाई. उघडायचं कसं?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना समजलं. त्यांच्याही काठाला होड्याच होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला आणि इतके हसले की खोकला लागला, आणि मी त्यांची पाठ थोपटत असताना मला असं वाटलं की स्क्रूड्रायव्हर लावलेला आहे आणि आतून फक्त कुजबुज येते आहे. वाळू नाही. कुठेच नाही.

“परत घेतो मी गाडी,” ते खोकत म्हणाले. “सगळां परत.”

“नाही देत.”

“सहा हायत रे.”

“मला पुरतात.”

“मग एक कर. तिला सांगू नकोस मला ठाऊक हाय म्हणून. तिला वाटतंय, तिनं मला वाचवला. वाचवलान पण. तां तसांच राहू दे.”

नाही सांगत, मी म्हणालो. त्याच दुपारी, दुसऱ्यांदा.

वर आलो तेव्हा पान मांडलं होतं. हमूरचं कालवण, भाकऱ्या, कांदा. भाभी बाहेर येऊन वाढत होत्या, डोक्यावरची ओढणी सारखी सारखी करत. मला भूक लागली होती, नुसती लागली नव्हती, सकाळपासूनची सगळी साठलेली एकदम वर आली होती. मी पहिला घास घेतला आणि त्याला कान लावला नाही. तेव्हा भाभी, कालवणाचं भांडं हातात धरून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

“भिकूभाऊ, पळते ना गाडी बरी?”

इब्राहीमभाईंचा हात भाकरीवर थांबला. भाभींची पळी भांड्यात थांबली. दोघंही खाली बघत होती, एक ताटात, एक कालवणात, आणि मधे मी, दोघांचाही.

“भाभी,” मी म्हणालो, “आज इतकी पळाली की भाईंनीच म्हटलं, बाबा, हळू घे.”

“मग!” इब्राहीमभाई मोठ्यानं म्हणाले. “आठ हायत. गंमत हाय काय?”

“तेच म्हटलां,” भाभी म्हणाल्या, आणि ओढणीचं टोक तोंडावर धरून त्यांनी माशाचं डोकं, जे नेहमी इब्राहीमभाईंचं असतं, ते माझ्या ताटात वाढलं. इब्राहीमभाई ते बघत राहिले. मग कांद्याची एक फोड त्यांनीही माझ्या ताटात सरकवली.